ज्या वस्तूचें झांकण उघडत नाहीं

आमच्या शाळेच्या वादविवाद-मंडळापुढें यंदा जे विषय आले, त्यांतील एकाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय असा होता कीं, 'मोबाईल फोनची बॅटरी ग्राहकास स्वतःच्या हातानें काढतां व घालतां आली पाहिजे.' अनुकूल बाजूनें तीन व प्रतिकूल बाजूनें तीन असे सहा वक्ते बोलले. अध्यक्षस्थानीं आम्ही होतों. प्रतिकूल बाजूच्या एका विद्यार्थ्यानें फारच सफाईनें भाषण केलें. बंद फोन सडपातळ होतो, त्यांत धूळ व पाणी शिरत नाहीं, हातांतून पडला असतां फोन एकीकडे व बॅटरी दुसरीकडे असा प्रकार होत नाहीं, असे मुद्दे त्यानें एकामागून एक मांडले व भरपूर टाळ्या मिळविल्या. नंतर सभेस प्रश्न विचारण्याची मुभा होती. तेव्हां वसतिगृहांत राहणारी, घाटाखालच्या एका खेड्यांतील मुलगी उठली व म्हणाली, "सर, ज्यांनी हा फोन बनवला, त्यांनी आमच्याकडचा मे महिना पाहिला होता का?"

सभा हंसली. आम्हीहि हंसलों, व 'प्रश्न विषयास सोडून आहे' असा निर्णय देऊन तिला खालीं बसविलें. बक्षीस अर्थातच त्या सफाईदार वक्त्यास मिळालें.

तो निर्णय चुकला. प्रश्न विषयास सोडून नव्हता. विषयाचा गाभाच तो होता, व इतर सहा जणांपैकीं एकासहि तो सांपडला नव्हता. अध्यक्षाचा निर्णय सभेंत फिरवितां येत नाहीं. परंतु वार्षिकांतील कांहीं पानें आमच्या वांट्यास आलीं आहेत, तीं त्या चुकीच्या दुरुस्तीकडे लावावीं असें आम्हांस वाटतें.

प्रथम त्या वक्त्यास त्याचें माप पुरतें द्यावयास हवें. फोनमधील लिथियमची बॅटरी ही मूळची एक मऊ पिशवीच असते. ती माणसानें हाताळावी असें ठरविलें, म्हणजे तिच्याभोंवतीं टणक कवच आलें, विजेचे जोड आले, उघडझांप करणारें झांकण आलें, व तें झांकण बसावयास खोबण आली. हें सारें जागा खातें. ती जागा वांचविली तर फोन पातळ होतो, किंवा तितक्याच जागेंत अधिक शक्तीची बॅटरी मावते. शिवाय चारी बाजूंनीं डिंकासारख्या चिकट पट्टीनें फोन बंद केला कीं धूळपाण्याचा बंदोबस्त सोपा होतो. फोनच्या खोक्यावर 'आयपी ६७' असें लिहिलेलें असतें, त्यांतील ६ चा अर्थ धूळ मुळींच आंत जाणार नाहीं असा, व ७ चा अर्थ एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास राहिला तरी अपाय होणार नाहीं असा आहे. आमच्याकडे कपाशीच्या व सोयाबीनच्या हंगामांत जी धूळ उडते ती ज्यानें पाहिली आहे, किंवा रात्रीं ओलीत करतांना ज्याच्या खिशांतून फोन सरीच्या पाण्यांत पडला आहे, तो या गुणाला क्षुल्लक म्हणणार नाहीं.

मात्र बंद केल्यावांचून पाणी थांबतच नाहीं, असें जें त्या वक्त्यानें गृहीत धरलें तें खरें नाहीं. २०१४ सालीं सॅमसंग कंपनीनें 'गॅलक्सी एस ५' नांवाचा फोन काढला. त्याची बॅटरी नखानें झांकण उचकटून काढतां येत असे, आणि तरीहि त्यास वर सांगितलेला ६७ हा दर्जा होता. त्या झांकणाच्या आंतील कडेला रबरासारखी किनार होती; ती दर वेळीं नीट दाबून बसवावी लागे. म्हणजे येथें पाण्यापासून रक्षण करण्याची थोडी जबाबदारी मालकाच्या अंगठ्यावर टाकलेली होती. ज्या मालकाचा अंगठा आळशी, त्याचा फोन भिजावयाचा. यांत वाईट काय आहे, हें आम्हांस अद्यापि समजलेलें नाहीं.

आतां त्या मुलीच्या मे महिन्याकडे वळूं. आपला जिल्हा एकच असला तरी त्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग आहेत, व त्यांची हवा निराळी आहे. बुलढाणें विदर्भांतील थंड हवेचें गांव म्हणून नांवाजलेलें. परंतु घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगांव या बाजूस गेलें कीं वैशाखांत पारा ४४ अंशांच्या वर चढतो. लिथियमच्या बॅटरीचा मुख्य वैरी उष्णता हाच आहे. तिच्या पोटांत जी रासायनिक झीज एरवीं सावकाश चालते, ती उष्णतेनें झपाट्यानें होते. तिची शक्ति धरून ठेवण्याची क्षमता घटते, व कधीं कधीं आंत वायु सांठून ती फुगते. फोन कोणत्या हवेंत वापरावा याविषयीं कांहीं नामांकित कंपन्यांच्या पुस्तिकेंत ० ते ३५ अंश अशी मर्यादा छापलेली असते. टिनाच्या छपराखालीं, भर दुपारीं, भारनियमन संपून वीज आली म्हणून घाईघाईनें चार्जिंगला लावलेल्या फोनला ही मर्यादा कोणीं वाचून दाखवावी? ज्या प्रदेशांत वर्षांतील निदान दोन महिने हवाच त्या मर्यादेबाहेर असते, तेथें बॅटरी लौकर झिजणार हें ठरलेलें आहे. ती फोनचा कायमचा अवयव नव्हे. सायकलीच्या टायरसारखी ती झिजून बदलण्याची वस्तु आहे. सायकल अधिक डौलदार दिसावी म्हणून एखाद्या कारखानदारानें टायर चाकाला कायमचाच चिकटवून दिला, तर आपण त्याला काय म्हणूं?

आमचाच अनुभव सांगतों. आमच्या वापरांतील फोन चार वर्षांचा होऊन गेल्या उन्हाळ्यांत त्याची पाठ फुगूं लागली. दुरुस्तीच्या दुकानांतील तरुण आमचाच जुना विद्यार्थी. त्यानें फोन उलटसुलट करून पाहिला व म्हणाला, "सर, उघडून देतो, पण डिस्प्लेची हमी नाही बरं का." त्यानें गरम हवेनें डिंक सैल केला, पातळ पत्ती घालून फार जपून कड उचलली, आणि शेवटच्या कोपऱ्यावर कांच तडकली. बॅटरी नवी मिळाली. परंतु कांचेसह पडदा बदलावयाचा तर त्या जुन्या फोनच्या किंमतीहून अधिक खर्च येत होता. त्या मुलाचा यांत कांहींहि दोष नव्हता. त्याचा हात इतका हलका आहे कीं वर्गांत आम्हीं त्याच्या अक्षराला नांवें ठेविलीं याचें आज वाईट वाटतें. दोष असलाच तर तो, त्याच्यासारख्या कारागिराचा हात आंत शिरणार आहे हें आराखडा काढतांना ज्यानें लक्षांत घेतलें नाहीं, त्याचा आहे.

दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. २००७ सालच्या ऑगस्टांत नोकिया कंपनीनें जाहीर केलें कीं, तिच्या 'बीएल-५सी' नांवाच्या बॅटऱ्यांपैकीं एका पुरवठादारानें केलेल्या ४ कोटि ६० लक्ष बॅटऱ्यांत चार्जिंगच्या वेळीं तापण्याचा दोष संभवतो. संख्या केवढी प्रचंड! परंतु उपाय साधा होता. ग्राहकानें झांकण काढावें, बॅटरीवरील क्रमांक पाहावा, व तो दोषी यादींत असल्यास कंपनीकडून बॅटरी बदलून घ्यावी. फोन घरींच राही. पुढें २०१६ सालीं सॅमसंगच्या 'गॅलक्सी नोट ७' या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊं लागल्या. बॅटरी आंत बंद केलेली. म्हणून सबंध फोन परत बोलवावे लागले, बदली दिलेले फोनहि पेटले, व अखेर ती जातच कंपनीनें बंद केली. एका चुकीची किंमत पहिल्या वेळीं एका बॅटरीइतकी पडली व दुसऱ्या वेळीं एका फोनइतकी. उलट बाजूहि सांगितली पाहिजे: बॅटरी सुटी होती म्हणूनच बाजारांत तिच्या हलक्या नकलांचा सुळसुळाट झाला, व त्यांनींहि कित्येकांचे खिसे भाजले. झांकण उघडूं लागलें कीं त्यांतून चांगलें व वाईट दोन्ही आंत जातें.

त्या मुलीच्या प्रश्नास एक उत्तर असें आहे कीं, एकदां तरी कोणीं आमच्याकडचा उन्हाळा व धूळ विचारांत घेतली होती. फिनलंड या बर्फाच्या देशांतील त्याच नोकिया कंपनीनें २००३ सालीं '११००' हा फोन काढला, तो आपल्यासारख्या देशांतील ग्राहक डोळ्यांपुढें ठेवून. त्याच्या बटनांवर एकसंध आवरण होतें, म्हणून धूळ आंत जात नसे. कडा घामट हातांतून निसटणार नाहींत अशा होत्या. आणि वरच्या टोकाला विजेरी होती. आमच्या पालकांपैकीं पुष्कळांनीं तिच्या उजेडांत गोठ्यांतील गाय व्यालेली पाहिली असेल. जगांत असे २५ कोटींहून अधिक फोन खपले. त्यांत कॅमेरा नव्हता, पडदा रंगीत नव्हता, इंटरनेट नव्हतें. हें सारें सोडून दिलें म्हणूनच तो स्वस्त, दणकट व अनेक दिवस एका चार्जिंगवर चालणारा झाला. आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असेल किंवा पीकविम्याची तक्रार करावयाची असेल, तर तो फोन निरुपयोगी आहे. तेव्हां 'जुनें तें सोनें' म्हणून उसासे टाकण्याचा आमचा हेतु नाहीं. सांगावयाचें तें एवढेंच कीं, प्रत्येक वस्तूंत कांहीं घेतलेलें व कांहीं सोडलेलें असतें, आणि काय सोडावें हें ज्यानें ठरविलें, त्याच्या डोळ्यांपुढें कोणता मनुष्य उभा होता, यावर सर्व अवलंबून आहे.

'मर्यादा' हा शब्द कारखानदार फार सोईस्करपणें वापरतात. १९२४ सालीं जिनीव्हा येथें विजेचे दिवे करणाऱ्या जगांतील बड्या कंपन्यांनीं 'फीबस' नांवाचा एक संघ काढला. त्या काळीं दिवे १,५०० ते २,००० तास चालत. संघानें ठरविलें कीं दिवा १,००० तासच चालावा. ज्याचा दिवा अधिक टिकेल त्या कंपनीला दंड! यावर त्यांचें म्हणणें असें कीं, दिव्याची तार अधिक तापविली तर त्याच विजेंत उजेड अधिक पडतो, परंतु तार लौकर तुटते. आम्हीं उजेड निवडला. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांस कळेल कीं यांतील शास्त्र खरें आहे. परंतु खऱ्या शास्त्राच्या आड खोटा व्यवहार लपूं शकतो. उजेडासाठींच हें चाललें होतें तर अधिक टिकणाऱ्या दिव्यास दंड कशाला? एखादी मर्यादा निसर्गानें घातलेली आहे कीं दुकानानें, हें ओळखावयाचें असेल तर ती ओलांडणाऱ्यास शिक्षा कोण करतो तें पाहावें.

येथें कोणी म्हणेल कीं, उघडतां येणें हाच एक गुण मानून आम्ही प्रत्येक वस्तु तोलूं लागलों आहों. तसें नाहीं. घाटाच्या दोन बाजूंस एकाच यंत्राचा न्याय कसा उलटा होतो, तें पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रावरून दिसतें. हल्लीं घरोघरीं 'आरओ' लागलेलें आहे. त्यांत पाणी दाबानें अतिसूक्ष्म पडद्यांतून ढकललें जातें. क्षार अलीकडे राहतात, गोडें पाणी पलीकडे जातें. परंतु अलीकडे राहिलेले क्षार वाहून नेण्यास पाणीच लागतें, आणि तें मोरींत जातें. घरगुती यंत्रांत पेलाभर पाण्यासाठीं दोन-तीन पेले वाहून जाणें ही सामान्य गोष्ट आहे.

आतां संग्रामपूर, जळगांव जामोद, शेगांव या भागांतील पूर्णाकांठचा खारपाण पट्टा पाहा. तेथील विहिरींचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. पिण्याच्या पाण्यांत विरघळलेले क्षार लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, व दुसरी सोय नसल्यास २,००० पर्यंत चालतील, असें भारतीय मानक सांगतें. हे क्षार फडक्यानें गाळून जात नाहींत. उकळल्यानें तर पाणी आटून ते अधिकच दाट होतात. ज्या घरीं गोड्या पाण्याचा नळ पोंचलेला नाहीं, तेथें हें खर्चिक, वीज खाणारें व पाणी सांडणारें यंत्र चैनीची वस्तु नव्हे. तेथें त्याचे सगळे दोष पत्करणें शहाणपणाचें आहे.

तेंच यंत्र घाटावर, पावसाचें पाणी अडविलेल्या धरणाच्या नळावर बसविलें म्हणजे काय होतें? तेथें भीति क्षारांची नसते, जंतूंची असते. आणि जंतूंस उकळणें, क्लोरिन किंवा अतिनील किरणांचा दिवा पुरतो. (दिव्यालाहि मर्यादा आहेच: पाणी गढूळ असेल तर किरण जंतूंपर्यंत पोंचत नाहींत.) जो क्षार त्रासदायक नव्हता तो काढण्यासाठीं, टँकरची वाट पाहणाऱ्या गांवांत, आपण तिप्पट पाणी मोरींत सोडतों. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ च्या मे महिन्यांत ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असलेल्या ठिकाणीं या यंत्रांस मनाई करावी असा आदेश दिला होता. पुढें तें प्रकरण कायदेकानूंच्या वळणावळणांनीं गेलें. परंतु त्यांतील विचार आम्हांस बिनतोड वाटतो. यंत्र एकच, तें घाटाखालीं गरज व घाटावर उधळपट्टी. विक्रेता मात्र दोन्हीकडे एकच जाहिरात वाटतो.

विक्रेत्यांची एक युक्ति विद्यार्थ्यांनीं अवश्य ओळखून ठेवावी, कारण ती आमच्या घरीं आमच्याच देखत करून दाखविण्यांत आली. दोन पेल्यांत पाणी घेतात, एकांत नळाचें व एकांत यंत्राचें. दोहोंत धातूच्या सळया सोडून वीज लावतात. नळाचें पाणी क्षणांत तपकिरी, फेसाळ होतें. घरांतील मंडळी 'अगबाई' म्हणतात, आणि सौदा पक्का होतो. तो रंग पाण्यांतील घाणीचा नसतो. क्षारयुक्त पाण्यांतून वीज वाहते, तीमुळें लोखंडी सळईच विरघळते, व तिचा गंज पाण्यांत उतरतो. यंत्राच्या पाण्यांत क्षार नसल्यानें वीजच वाहत नाहीं, म्हणून तें स्वच्छ दिसतें. चिमूटभर मीठ त्यांत टाका, तेंहि तपकिरी होईल. आम्हीं मीठ मागितलें तेव्हां तो गृहस्थ घाईंत होता असें समजलें. तसेंच खिशांतील मापकावर जो आंकडा दिसतो तो केवळ क्षारांचा असतो. जंतूंविषयीं तो अवाक्षरहि बोलत नाहीं.

शंभर वर्षांपूर्वीं हाच वाद नांगराविषयीं झाला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीनें शेतकरी तो घेईनात, ही गोष्ट आपण त्यांच्या भोळेपणाचें उदाहरण म्हणून वर्गांत सांगतों. विषाची कल्पना खोटी होती, यांत शंका नाहीं. तथापि त्या शेतकऱ्याच्या बाजूनेंहि थोडें बोलावयास हवें. लांकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार बाभळीचें लांकूड तासून दुसरें अंग बसवून देई. मजुरी बलुत्यांत निघे. जड लोखंडी नांगर खोल जाई, हरळीचीं मुळें उपटी, पण त्यास बैल अधिक लागत, आणि मोडला तर गांवांत तो दुरुस्त करणारा कोण? शेतकऱ्यास आपली अडचण शब्दांत मांडतां येत नसावी. त्यानें ती विषाच्या भाषेंत मांडली. आमच्या सभेंतील त्या मुलीनें ती मे महिन्याच्या भाषेंत मांडली, व आम्ही हंसलों.

जगांत याविषयीं हालचाल चालू आहे. युरोपीय संघानें २०२३ सालीं केलेल्या नियमाप्रमाणें १८ फेब्रुवारी २०२७ हा दिवस ठरविण्यांत आला, ज्यापुढें लहान उपकरणांतील बॅटरी ग्राहकास साध्या हत्यारांनीं काढतां आली पाहिजे. त्यांतहि देवघेव आहे: जी बॅटरी १,००० वेळां चार्ज होऊनहि ८० टक्के शक्ति राखील, व ज्या फोनांत धूळपाणी शिरणार नाहीं, त्यास सवलत आहे. ही सवलत आम्हांस वाजवी वाटते. टिकवून दाखवा, नाहीं तर उघडूं द्या, असा तो करार आहे. मात्र ते हजार फेरे कोणत्या उष्णतेंत मोजले, हें ती मुलगी पुन्हां विचारील, व या वेळीं आम्ही तिला खालीं बसविणार नाहीं. फ्रान्समध्यें १ जानेवारी २०२१ पासून फोन, धुलाईयंत्र इत्यादि वस्तूंवर दुरुस्तीच्या सोईबद्दल दहापैकीं गुण छापण्याची सक्ति झाली. आपल्या सरकारनेंहि जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासाठीं संकेतस्थळ उघडलें, व २०२५ सालीं अशाच गुणांकाविषयीं दुसऱ्या एका समितीचा अहवाल सरकारकडे आला. मुलांस आम्ही वर्षांतून अनेक वेळां गुण देतों. वस्तूंसहि कोणीं तरी द्यावेत हें न्यायाचेंच झालें.

शुभवर्तमानांत एका मनुष्याची गोष्ट आहे. बुरूज बांधण्यापूर्वीं त्यानें बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीं तर पाया घालून काम अर्धवट राहील व लोक हंसतील. दुकानांत वस्तु घेतांना आपण किंमत विचारतों, परंतु तो हिशेब करीत नाहीं. पालकांस आमची सूचना आहे कीं, पुढच्या वेळीं फोन घेतांना दुकानदारास तीन गोष्टी विचाराव्यात: याची बॅटरी बदलावयास किती पडेल, ती खामगांव-मलकापुरांत कोणी बदलून देईल कीं अकोल्यास जावें लागेल, व मूळ कंपनीची बॅटरी किती वर्षें मिळत राहील. उत्तर कोणी देणार नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण दिवसांतून दहा गिऱ्हाइकांनीं एकच प्रश्न विचारला तर दुकानदार तो घाऊक व्यापाऱ्यास विचारील, आणि घाऊक व्यापारी कंपनीच्या माणसास.

त्या वादाचा निकाल मतांनीं ठराव नापास झाल्याचा लागला होता. मंडळाच्या चिटणिसांस आम्हीं विनंति केली आहे कीं, पुढील सत्रांत तोच विषय पुन्हां ठेवावा, अध्यक्षस्थानीं दुसरें कोणी असावें, व त्या विद्यार्थिनीस पहिल्या वक्त्याचा मान द्यावा. त्याच शनिवारीं विज्ञानशाळा दिवसभर उघडी राहील. पालकांनीं घरांतील बंद पडलेली एखादी वस्तु, म्हणजे मिक्सर, इस्तरी, पंखा, रेडिओ, जुना फोन, बरोबर आणावी. पेचकस, सोल्डरिंगची इस्त्री व आमचा तो जुना विद्यार्थी तेथें हजर असतील. फक्त फुगलेली बॅटरी कोणींहि आणूं नये. तिला आंत घेण्याची परवानगी मुख्याध्यापकांनीं दिलेली नाहीं, व तें अगदीं बरोबर केलें.